बिअरचा फळा वाचताना

आपल्याकडे बिअर मागवणं ही फार वर्षं निवड अशी नव्हतीच. परमिट रूममधला वेटर ओल्या फडक्याने टेबल पुसता पुसता विचारायचा, "स्ट्राँग की माइल्ड?" उत्तर मिळालं की लगेच, "किंगफिशर चालेल ना?" हा दुसरा प्रश्न नावापुरता. फ्रिजमध्ये गार जे असेल तेच येणार, हे त्यालाही ठाऊक आणि आपल्यालाही. आपली अट एकच, "चिल्ड आणा." अजूनही राज्यातल्या बहुतेक बारमध्ये हा व्यवहार अर्ध्या मिनिटात आटोपतो आणि त्यात रसिकतेचा काही भाग असेल असं कुणाला वाटत नाही. मला वाटतं. त्या तीन वाक्यांत दारूचं प्रमाण आलं, कारखाना आला, तापमान आलं. बिअर निवडताना बघायच्या निम्म्या गोष्टी तिथेच येऊन गेल्या.

उरलेल्या निम्म्या टॅपरूमच्या फळ्यावर असतात. पुण्यात 2009 साली डूलाली ही महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि तिथून पुढे पुण्या-मुंबईच्या बारमध्ये खडूने लिहिलेले फळे दिसू लागले. आठ-दहा नावं, प्रत्येकापुढे दोन आकडे, खाली दीड ओळीचं वर्णन. बहुतेक लोक फळ्यावरून वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवतात, बिचकतात आणि "ती व्हीट असते ना, तीच द्या" म्हणून मोकळे होतात. निवड वाईट नसते, पण फळा न वाचता केलेली असते. तो जरा सावकाश वाचू.

त्याआधी परमिट रूमचा प्रश्न निकालात काढायला हवा. "स्ट्राँग की माइल्ड" ही काही वेटरच्या मनची विभागणी नाही, कायद्याची आहे. 5 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असेल ती माइल्ड, त्याच्या वर 8 टक्क्यांपर्यंत स्ट्राँग. महाराष्ट्रात तर वयाची अटही याच धर्तीवर आहे, सौम्य बिअरला 21 वर्षं पुरतात, कडक दारूला 25 लागतात. देशातला बहुतेक खप स्ट्राँगचा आहे आणि त्यावर नाकं मुरडणारे लोक मला आवडत नाहीत. एमआयडीसीतली पाळी संपवून आलेला माणूस एकाच बाटलीचे पैसे काढणार असेल तर हेवर्ड्स 5000 किंवा किंगफिशर स्ट्राँग मागवताना त्याचा हिशेब अगदी चोख असतो. चवीचा हिशेब वेगळा. स्वस्तात अल्कोहोल चढवायचं तर बार्लीच्या जोडीला तांदूळ, मका, साखर असं हलकं, आंबायला सोपं काहीतरी घालतात. त्याने टक्के वाढतात, अंग वाढत नाही. अशी बिअर जरा कोमट झाली की गोडसर, स्पिरिटसारखा वास वर येतो. म्हणून ती बर्फगार लागते. गारठ्याने जीभ बधिर होते आणि जे झाकायचं ते झाकलं जातं. "चिल्ड आणा" या आग्रहामागे तहान कमी आणि अनुभव जास्त आहे.

परमिट रूममधली बाटली उघडण्याची पद्धत मात्र पाहण्यासारखी असते. वेटर 650 मिलीची बाटली आधी उघडत नाही. ती टेबलाशी आणतो, लेबल आपल्याकडे वळवतो आणि हात लावून बघायला सांगतो. आपण तळव्याने गारवा तपासतो, मान डोलावतो, मग टोपण उडतं. तीन बुटके ग्लास, तिन्ही तिरके धरून काठाकाठाने ओतणं, फेस जवळजवळ शून्य. फेस आला तर गिऱ्हाईक कुरकुरतं, जणू मापात मारलं. इथे मी गिऱ्हाइकाच्या विरुद्ध आहे. बिअरचा वास फेसातून वर येतो. शिवाय ग्लासात न सुटलेला वायू पोटात जाऊन सुटतो, पुढची ढेकर आणि तडस त्याचीच. पहिला अर्धा ग्लास तिरका भरावा, मग ग्लास सरळ करून मधोमध ओतावी, दोन बोटं फेस येऊ द्यावा. हे वेटरला हसून सांगितलं तर तो एकदा आपल्याकडे विचित्र नजरेने बघतो आणि मग तसंच करतो.

त्या हातात आलेल्या बाटलीवर आणखी एक मजकूर असतो, तो कुणीच वाचत नाही. बिअर कुठे बनली आणि कधी. महाराष्ट्रातल्या बिअरचं मोठं माहेर म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळचं वाळूज. नामांकित कंपन्यांचे कारखाने तिथे एकाच पट्ट्यात आहेत आणि पाणी जायकवाडीचं. बिअरमध्ये 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे 2016 च्या दुष्काळात हा पट्टा एकदम बातम्यांत आला. उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाने दारू कारखान्यांचं पाणी 60 टक्क्यांपर्यंत कापायला लावलं होतं. पिणाऱ्याच्या दृष्टीने लेबलचा उपयोग साधा आहे. बिअर मुरत नाही, शिळी होते. बाटलीबंद बिअर साधारण सहा महिने विकायला चालते, पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर तिच्यात ओल्या पुठ्ठ्याची चव उतरायला लागते, आणि उन्हात पडलेली असेल तर त्याहून आधी. तेव्हा दोन ब्रँडमध्ये अडकलात तर जवळच्या कारखान्यातली, अलीकडच्या तारखेची आणि त्या बारमध्ये धडाधड खपणारी बाटली घ्या. लांबून आलेली, काचेच्या फ्रिजमध्ये ट्यूबलाइटखाली महिनोन्‌महिने उभी असलेली महागडी हिरवी बाटली नको. उजेडाने हॉप्समधले, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधले, घटक मोडतात आणि एक उग्र, दुर्गंधी पदार्थ तयार होतो. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी फारसा नाही, पारदर्शक मुळीच नाही. आयात बिअरचा म्हणून जो 'खास' वास बरेच जण कौतुकाने सांगतात, तो बऱ्याचदा हाच बिघाड असतो.

आता फळा. दोन आकड्यांपैकी पहिला आपल्या ओळखीचा, अल्कोहोलचा. दुसऱ्यापुढे आयबीयू लिहिलेलं असतं. हा कडवटपणाचा आकडा, एका लिटरमध्ये हॉप्समधली कडू आम्लं किती मिलिग्रॅम उतरली त्याचा. गव्हाच्या बिअरमध्ये तो 10-15 असतो, पिल्सनरमध्ये तिशीच्या आसपास, आयपीएमध्ये चाळिशीपासून सत्तरीपर्यंत. हा आकडा एकटा वाचायचा नाही. 35 आयबीयूची स्टाउट भाजक्या माल्टच्या अंगाने गोल होऊन येते आणि तितक्याच आयबीयूची पिल्सनर जिभेच्या मागच्या भागाला सरळ चिमटा काढते. अल्कोहोल आणि कडवटपणा दोन्ही चढे असतील तर बिअर भरगच्च असणार, अल्कोहोल कमी आणि कडवटपणा जास्त असेल तर कोरडी, सुटसुटीत. आकडे इतकंच सांगतात. पुढचं नावात असतं.

फळ्यावर पिल्सनर असेल तर मी तिथे थांबतो. 1842 साली बोहेमियातल्या प्लझेन गावी योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन ब्रुअरने ही पहिल्यांदा केली. त्याच्या आधी चार वर्षं गावाने आपली बिघडलेली बिअर पिंपांच्या पिंपं रस्त्यावर ओतून दिली होती आणि वैतागून नवी ब्रुअरी बांधायला काढली होती. तिथलं पाणी मऊ, क्षार जवळजवळ नाहीतच. त्यात फिका माल्ट आणि साझ जातीचे नाजूक हॉप्स पडले, थंड तळघरात बिअर मुरायला ठेवली गेली आणि सोनेरी, पारदर्शक बिअर बाहेर आली. तोवर तिथल्या लोकांनी बिअर बहुतेक काळपट किंवा गढूळच पाहिली होती. आज जगात लागर म्हणून जे बहुतांश विकलं जातं, आपली किंगफिशर धरून, ते या एका पिंपाचं दूरचं गोत आहे.

मी थांबतो ते इतिहासासाठी नाही. एल जातीची बिअर दोन-तीन आठवड्यांत टाकीतून बाहेर काढता येते, लागरला थंड टाकीत महिना-दीड महिना पडून राहावं लागतं. मायक्रोब्रुअरीत टाक्या मोजक्या. एक टाकी इतके दिवस अडकवायची म्हणजे तेवढ्या वेळात दोन एल विकता आल्या असत्या, त्या सोडून द्यायच्या. बरं, पिल्सनरमध्ये लपायला जागा नाही. फळ नाही, मसाला नाही, भाजकेपणा नाही, यीस्टची सुगंधी बडबड नाही. जरा घाई झाली की उकडलेल्या मक्याचा किंवा लोण्याचा वास राहतो आणि तो लगेच कळतो. तेव्हा ज्या बारच्या फळ्यावर चांगली पिल्सनर आहे तिथला ब्रुअर धीराचा आहे आणि मालकाने त्याला धीर धरू दिला आहे. त्या बारमध्ये दुसरं काहीही बिनघोर मागवावं. आणि पिल्सनर ठीकठाक असेल तर फळ्यावरच्या बाकीच्या थाटाने भुलून जाऊ नये.

गव्हाची बिअर हा मराठी माणसाचा टॅपरूममधला पहिला मुक्काम. तिच्यातही दोन घराणी आहेत आणि फळ्यावर दोन्ही 'व्हीट' म्हणूनच उभी असतात. पहिली जर्मन हेफेवाइझन. उंच, कमरेत बारीक ग्लासात ती येते, गढूळ पिवळी, वर दाट पांढरा फेस. नाक जवळ न्या, पिकल्या केळ्याचा वास येतो, मागोमाग लवंग. शेजारचा माणूस हमखास म्हणतो की यात इसेन्स घातलाय. घातलेला नसतो. हे दोन्ही वास यीस्ट आंबवता आंबवता स्वतः तयार करतं. आंबवण जरा उबेला झाली तर केळं चढतं, थंड झाली तर लवंग. म्हणजे एकाच ब्रुअरची व्हीट गेल्या महिन्यात केळ्याची लागली आणि या महिन्यात लवंगेची, तर तिथे टाकीच्या तापमानात काहीतरी हललं आहे. बव्हेरियाच्या 1516 च्या प्रसिद्ध कायद्यात बिअर फक्त बार्ली, हॉप्स आणि पाण्याचीच करायची असं ठरलं होतं. गव्हाची बिअर करण्याचा हक्क राजघराण्याने पुढे बराच काळ स्वतःकडे ठेवला. कायदे करणारे स्वतःची सोय बघतात ही गोष्ट काही नवी नाही.

दुसरं घराणं बेल्जियन, 'विट'. यात मात्र ब्रुअर खरोखरच मसाला घालतो, धने आणि संत्र्याची साल. हा प्रकार 1950 च्या दशकात जवळजवळ नामशेष झाला होता. हूगार्डन गावातल्या पियेर सेलिस नावाच्या माणसाने 1966 च्या सुमारास तो पुन्हा सुरू केला. हा गृहस्थ आधी दूध घालायचा आणि तरुणपणी गावच्या ब्रुअरीत हाताखाली काम केल्याने त्याला कृती आठवत होती. आपल्याकडे बिरा व्हाइट याच कुळातली. धने आपल्या घरात रोजचे असल्याने विट आपल्या जिभेला चटकन ओळखीची वाटते, आणि त्यामुळेच तिच्यातली चूकही चटकन कळते. धने जास्त झाले की साबणासारखी चव येते. तिच्या ग्लासाच्या काठावर संत्र्याची किंवा लिंबाची फोड खोचून देतात, ती मी काढून ठेवतो. लिंबाने फेस बसतो आणि सालीचा जो नाजूक वास ब्रुअरने मोजून आणलेला असतो त्याच्यावर बोळा फिरतो. बिअर कंटाळवाणी असेल तर फोड पिळायला हरकत नाही.

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. या नावातलं इंडिया पाहून आपल्याला उगाच आपुलकी वाटते. अठराव्या शतकाच्या अखेरीला लंडनमध्ये ली नदीकाठच्या बो भागात हॉजसनची ब्रुअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ. जहाजांचे कप्तान हिंदुस्थानात विकायला स्वतःचा माल भरून घेत आणि हॉजसन त्यांना उधारी देई, धंदा तिथून वाढला. भरपूर हॉप्स घातलेली त्याची फिकी बिअर मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या साहेबांना आवडली. पुढे 1820 च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉप वगैरे ब्रुअरांनी ती बाजारपेठ पळवली, कारण बर्टनच्या जिप्समवाल्या पाण्यात हॉप्सचा कडवटपणा जास्त स्वच्छ उतरत होता. हॉप्स जंतूंना आवरतात म्हणून समुद्रप्रवास टिकवण्यासाठी ही बिअर मुद्दाम शोधली, ही टॅपरूमच्या भिंतीवरची कथा अर्धीच खरी. त्याच जहाजांतून गोऱ्या शिपायांसाठी काळी पोर्टरही भरपूर येत होती आणि तीही शाबूत पोहोचत होती. देशी माणसाच्या वाट्याला यातलं फारसं काही आलं नाही. आपल्या नावाची बिअर आपल्या बारमध्ये मिळायला दोनशे वर्षं गेली, आणि तीही अमेरिकेचा वळसा घेऊन. आजच्या आयपीएतला आंब्या-पेरूचा, संत्र्याचा, चीडाच्या राळेचा दरवळ अमेरिकन हॉप्सचा आहे.

या दरवळाचं आयुष्य फार थोडं. हॉप्सचा सुगंध आठवड्यागणिक उडत जातो, कडवटपणा मात्र मागे राहतो. त्यामुळे केगमधली ताजी आयपीए आणि चार महिन्यांपूर्वीची बाटलीतली आयपीए या नावाला बहिणी, चवीला परक्या. आयपीए ही टॅपवरून, ब्रुअरीच्या जवळ आणि गर्दीच्या बारमध्ये प्यायची चीज आहे. गोवा ब्रुइंग कंपनीची एट फिंगर एडी मिळाली तरी कॅनच्या बुडाची तारीख आधी बघावी. दुसरी खबरदारी ताटाची. कडवटपणा, वायू आणि वाढीव अल्कोहोल मिळून तिखटाची आग भडकवतात. तांबडा रस्सा किंवा झणझणीत चिकन चिली समोर असताना 60 आयबीयूची आयपीए मागवली तर दोन्हींचा विचका होतो. तिखटाला गोडसर माल्टची अंबर एल किंवा गव्हाची बिअर सोसते. आयपीए ठेवायची खारट, तेलकट, चरबीदार पदार्थांसाठी. तळलेला कुरकुरीत बोंबील मात्र पिल्सनरचाच. तिचे बारीक बुडबुडे तेल पुसून नेतात आणि मासा कडवटपणात बुडत नाही.

स्टाउटबद्दल एकच गैरसमज दूर करायचा आहे. काळी म्हणजे जड आणि चढणारी, असं धरून लोक तिला रात्री शेवटच्या नंबरावर ढकलतात किंवा टाळतातच. तिचा काळेपणा कॉफीसारख्या भाजलेल्या बार्लीतून येतो, दारूतून नाही. जगातली सगळ्यात नावाजलेली ड्राफ्ट स्टाउट, गिनेस, सव्वाचार टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या माइल्डपेक्षाही सौम्य. ती सायीसारखी लागते ती नायट्रोजनमुळे, त्याचे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडपेक्षा खूप बारीक. पावसाळ्यात कालवं मिळाली तर तिच्याबरोबर खाऊन बघा, लंडनमध्ये ही जोडी जुनी आहे. फळ्यावर 'इम्पीरियल' हा शब्द असेल तेव्हा मात्र टक्के वाचा. तो शब्द मस्करीत लिहिलेला नसतो.

मोसमी बिअरचं काय? एप्रिल आला की फळ्यावर हापूस येतो. इथे आधी चव मागून घ्यायची. आंब्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, त्यामुळे प्रामाणिकपणे आंबवलेल्या आंबा बिअरमध्ये गोडी राहतच नाही. राहतो सालीजवळचा, चिकाकडे झुकणारा एक कोरडा वास. पहिल्या घोटाला आमरस लागला तर गर किंवा सिरप मागाहून पडलं आहे, आणि मग आमरसच खावा हे बरं. कोकम या बाबतीत सरस आहे. त्याला मुळातच साखरेचा आधार लागत नाही, आंबट आणि किंचित खारट बिअरमध्ये ते बेमालूम मिसळतं. कोकम घालून आंबट बिअर करणारे ब्रुअर आपल्याकडे आहेत, आणि मे महिन्याच्या दुपारी मुंबईत यापेक्षा शहाणपणाचा ग्लास मला माहीत नाही. तांदळाचंही तसंच. बंगळुरूच्या टॉइटची बासमती ब्लाँड प्यायल्यावर कळतं की तांदूळ पैसे वाचवायला घालणं वेगळं आणि चवीसाठी घालणं वेगळं.

एवढं वाचून झालं तरी फळा एक गोष्ट लपवतो. कुठला केग आज उघडला आणि कुठला दहा दिवस रेंगाळतो आहे, हे खडूने कुणी लिहीत नाही. ते विचारावं लागतं, आणि विचारायची रीत साधी आहे.

"दादा, यातली सगळ्यात ताजी कुठली?"

"व्हीट कालच लावलीय, सर. पिल्सनरपण चांगली चाललीय."

"आणि स्टाउट?"

यावर तो जर फळ्याकडे बघून म्हणाला, "स्टाउट... आहे," तर त्या थांबण्यात सगळं उत्तर आलं. चांगला बारटेंडर न विचारता घोटभर चव पुढे करतो. दोन चवी घ्याव्यात, फार तर तीन. सगळा फळा चाखून शेवटी पहिलीच मागवणाऱ्या टेबलाबद्दल बारच्या पलीकडे काय बोललं जातं ते न ऐकलेलंच बरं.

ग्लास आला की प्यायच्या आधी त्याच्याकडे बघावं. आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही, तेल किंवा साबण राहिला आहे. स्वच्छ ग्लासात पिता पिता फेसाची वर्तुळं काठाला एकाखाली एक उमटत जातात. बर्फाने पांढरा झालेला मग दिसायला छान, पण तो वितळत बिअरमध्ये पाणी घालतो आणि फेसाची वाट लावतो. साधा मग मागा. आंबट, व्हिनेगरसारखी चव साध्या लागरला आली तर नळ्या साफ झालेल्या नाहीत. तसं सांगून ग्लास परत द्यायला संकोच करू नये. बिघडलेली भाजी आपण परत देतोच की.

क्रमाचा नियम एकच, सौम्यापासून कडवटाकडे आणि फिक्यापासून भाजक्याकडे. आयपीएने सुरुवात करून मग विट मागवणं म्हणजे आधी ठेचा खाऊन मग वरणभाताची चव शोधणं. सगळ्या टेबलाने एकच प्यावी असाही आग्रह नको. परमिट रूमची 650 ची बाटली तिघांत वाटायची असते, म्हणून तिथे एकमत लागतं. टॅपरूममध्ये प्रत्येकाचा ग्लास वेगळा, तिथे एकमेकांच्या ग्लासातला एकेक घोट घेण्यातच खरी चैन आहे. याच कारणाने बिअरचा तो तीन फुटी पारदर्शक टॉवर मला आवडत नाही. कुलाब्याच्या मोंडेगारमध्ये मारिओ मिरांडांच्या चित्रांखाली पर्यटकांच्या टेबलावर तो शोभतो खरा. पण दीड-दोन लिटर बिअर उघड्यावर तासभर गरम होत राहते, वायू जातो, शेवटचे दोन ग्लास कुणालाच नको असतात आणि पैसे दिलेत म्हणून सगळे संपवतात. पिचरलाही तेच लागू. चौघे असाल, पटकन पिणारे असाल तर पिचर, नाहीतर ग्लासच.

माझं मत विचाराल तर मार्च ते जून पिल्सनर, ती नसेल किंवा रेंगाळलेली असेल तर विट. पावसात स्टाउट, तीही पहिल्याच नंबरावर, शेवटी ढकलून नाही. आयपीए दिवाळीनंतर, केग नवा असेल तरच. साध्या परमिट रूममध्ये माइल्ड, अलीकडच्या तारखेची, आणि टेबलावर आल्यावर पाच मिनिटं थांबून. आणि कुठेही बसलात तरी गाडीची किल्ली घरी ठेवून जा, रिक्षा मिळते.